बलून पंप बसवला असता तर बाबा वाचले असते का?

प्रश्न थोडक्यात असा. वडील 64 वर्षांचे, जुना मधुमेह. पहाटे पाचला छातीत जळजळ सुरू झाली, मुलीने ॲसिडिटीची गोळी दिली, थोडा आराम पडला आणि मग दरदरून घाम सुटला. साडेनऊला गावातल्या डॉक्टरांनी ईसीजी काढला, अकराला ते जिल्ह्याच्या ठिकाणी पोचले, साडेबाराला अँजिओप्लास्टी झाली. हृदयाच्या पुढच्या भागाला रक्त देणारी मोठी वाहिनी पूर्ण बंद होती. ती उघडली, स्टेंट बसला, पण पुढे रक्त नीट उतरलं नाही. ब्लड प्रेशर 70 च्या वर जाईना. व्हेंटिलेटर, दोन औषधांची सतत धार, लघवी बंद. तिसऱ्या रात्री ते गेले. मुलगी विचारते: डॉक्टरांनी बलून पंप बसवला नाही, तो बसवला असता तर? अमेरिकेतला चुलतभाऊ म्हणतो, इम्पेला नावाचं यंत्र लावलं असतं तर काका नक्की वाचले असते. मुंबईला हलवायला हवं होतं का? शेवटच्या दिवशी आम्ही डायलिसिसला नको म्हटलं, ती चूक झाली का? आणि ती ॲसिडिटीची गोळी?

ताई, बलून पंपाचं उत्तर आधी देते, कारण त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. बलून पंप बसवला नाही म्हणून तुमचे बाबा गेले नाहीत. हे मी तुमचं सांत्वन करायला म्हणत नाही. या एकाच प्रश्नाचं उत्तर शोधायला शेकडो रुग्णांवर काळजीपूर्वक अभ्यास झाला आहे. इम्पेलाचं उत्तर इतकं सरळ नाही. तेही लपवणार नाही.

बाबांना जे झालं त्याला कार्डिओजेनिक शॉक म्हणतात. झटक्यात हृदयाचा इतका मोठा भाग निकामी होतो की शरीराला पुरेल एवढं रक्त बाहेर ढकलणं त्याला जमत नाही. दर शंभर हार्ट अटॅकमध्ये पाच ते दहा जणांना हा प्रकार होतो, आणि हार्ट अटॅकने हॉस्पिटलात जे दगावतात त्यांत याच रुग्णांचा वाटा मोठा असतो. 1967 साली न्यूयॉर्कमध्ये किलिप आणि किंबल या दोन डॉक्टरांनी 250 रुग्णांची नोंद ठेवून वर्गवारी केली. ती आम्ही आजही वापरतो. पहिल्या वर्गात, म्हणजे हृदयावर ताण नसलेल्या रुग्णांत, शंभरातले 6 गेले. शॉकमध्ये असलेल्यांतले 81 गेले. तेव्हा बंद वाहिनी उघडण्याचा मार्गच हातात नव्हता.

तो मार्ग आल्यावर अमेरिकेतल्या ज्युडिथ हॉकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 ते 1998 या काळात 302 रुग्ण घेतले. निम्म्यांची वाहिनी लगेच उघडायची, अँजिओप्लास्टीने किंवा बायपासने. उरलेल्यांना आधी औषधांनी स्थिर करायचं. महिन्याभराने पाहिलं तर पहिल्या गटातले 46.7 टक्के आणि दुसऱ्या गटातले 56 टक्के गेले होते. हा फरक योगायोगानेही पडू शकतो, असं संख्याशास्त्र म्हणालं. पण सहा महिन्यांनी आकडे 50.3 आणि 63.1 झाले, आणि हा फरक योगायोगाचा नव्हता. वाहिनी लवकर उघडणं हा शॉकवरचा पहिला खराखुरा उपाय ठरला. तुमच्या बाबांना तो मिळाला. अकराला दारात आलेल्या रुग्णाची वाहिनी साडेबाराला उघडणं, तेही जिल्ह्याच्या ठिकाणी, हे त्या टीमने मन लावून केलेलं काम आहे.

आता बलून पंप. मांडीतल्या धमनीतून एक लांबट फुगा महाधमनीत सरकवतात. हृदय शिथिल होतं तेव्हा हेलियम भरून तो फुगतो, हृदय आकुंचन पावतं तेव्हा मिटतो. 1967 साली ब्रुकलिनमध्ये एड्रियन कँट्रोविट्झ यांनी तो रुग्णांवर वापरला आणि पुढची चाळीसेक वर्षं जगभर वापरला गेला. मी स्वतः तो वर्षानुवर्षं बसवला. मध्यरात्री धावत येऊन बसवला. तो सुरू झाला की मॉनिटरवरची धमनीच्या दाबाची रेघ लगेच बदलते, तिला दुसरा उंचवटा येतो, आणि बघणाऱ्याला वाटतं, आला, माणूस परत आला. नातेवाईकांना बाहेर जाऊन मी तसं सांगितलेलं आहे.

2012 साली जर्मनीतल्या होल्गर थीले यांच्या गटाने 600 रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. सगळ्यांना शॉक, सगळ्यांची वाहिनी लवकर उघडायची, आणि चिठ्ठी टाकावी तसं ठरवायचं की बलून कुणाला बसेल आणि कुणाला नाही. महिन्याभरात बलून असलेले 39.7 टक्के गेले, नसलेले 41.3 टक्के. म्हणजे फरक नाही. याच रुग्णांचा पुढे सहा वर्षं मागोवा घेतला, तेव्हाही फरक नव्हता. युरोपातल्या मार्गदर्शक सूचनांनी त्यानंतर सरसकट बलून लावू नका असं स्पष्ट लिहिलं. झडपेचा आधार तुटला किंवा हृदयाच्या पडद्याला भोक पडलं तर ऑपरेशनपर्यंत वेळ काढायला तो आजही कामी येतो. बाबांच्या सोनोग्राफीच्या अहवालात तसं काही नाही. तुमच्या डॉक्टरांनी तो बसवला नाही हे माहितीला धरून होतं.

तो निकाल स्वीकारायला मला काही महिने लागले. डोळ्यांनी पाहिलेलं खोटं कसं? खोटं नव्हतंच. रेघ खरोखर सुधारत होती. पण रेघ सुधारणं आणि माणूस घरी जाणं या दोन गोष्टी आहेत, आणि आमच्या शास्त्राला हा धडा पुन्हा पुन्हा शिकावा लागला आहे. हार्ट अटॅकनंतर ज्यांचे ठोके अधूनमधून चुकतात त्यांना पुढे धोका जास्त असतो, म्हणून ऐंशीच्या दशकात ते ठोके दाबणारी औषधं सर्रास दिली जात. एन्कायनाइड आणि फ्लेकायनाइड ही दोन औषधं चुकीचे ठोके छान बंद करत. अमेरिकेत कॅस्ट नावाच्या अभ्यासात ती खऱ्या अर्थाने तपासली, तर औषध घेणाऱ्या 755 जणांतले 63 मेले आणि नुसती साखरेसारखी गोळी घेणाऱ्या 743 जणांतले 26. अभ्यासाचा हा भाग 1989 मध्येच थांबवावा लागला. ईसीजी स्वच्छ झाला होता आणि माणसं मरत होती. डोपामिनचंही तसंच. प्रेशर वाढवायला मी कितीतरी वर्षं तेच आधी सुरू करत असे. 2010 मध्ये 1679 रुग्णांवरच्या अभ्यासात त्याची नॉरअॅड्रेनलिन या प्रेशर वाढवणाऱ्याच दुसऱ्या औषधाशी तुलना झाली. एकूण मृत्यूंत ठोस फरक नव्हता, पण डोपामिनवर ठोक्यांचे बिघाड जवळपास दुप्पट झाले, आणि हृदयाच्या शॉकमधल्या 280 जणांत मृत्यूही जास्त होते. बाबांच्या फाइलमध्ये पहिल्या तासापासून नॉरअॅड्रेनलिन आहे. तेही बरोबर होतं.

बलून का चालला नाही, याचं एक साधं कारण त्याच्या ताकदीत आहे. निरोगी हृदय मिनिटाला पाच लिटरच्या आसपास रक्त फिरवतं. बलून त्यात अर्धा, फार तर एक लिटरची भर घालतो, आणि तीही हृदय स्वतः थोडंफार चालत असेल तरच. दुसरं कारण जास्त गंभीर आहे. काही तास रक्त कमी मिळालं की मूत्रपिंड, यकृत, आतडी, सगळीकडे बिघाड सुरू होतो, अंगभर दाह पेटतो आणि रक्तवाहिन्या सैल पडतात. मग सुरुवात हृदयापासून झालेली असली तरी आजार एकट्या हृदयाचा राहत नाही.

इथे तुमच्या चुलतभावाच्या म्हणण्याकडे येते. इम्पेला हा हृदयाच्या डाव्या कप्प्यात बसणारा बारीकसा पंप. तो रक्त कप्प्यातून उचलून महाधमनीत टाकतो, मिनिटाला साडेतीन लिटरच्या आसपास. 2024 साली डॅनजर शॉक नावाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. डेन्मार्क, जर्मनी आणि ब्रिटन या तीन देशांत मिळून 355 रुग्ण. 180 दिवसांत पंप लावलेल्यांतले 45.8 टक्के गेले, न लावलेल्यांतले 58.5 टक्के. शॉकमध्ये एखाद्या यंत्राने जीव वाचतो हे मोठ्या अभ्यासात पहिल्यांदाच दिसलं. मला त्या दिवशी मनापासून आनंद झाला होता. भाऊ जे सांगतो आहे ते कुठूनतरी उडत आलेलं नाही.

पण ‘नक्की वाचले असते’ हे त्या अभ्यासात कुठेही नाही. पंप लावूनही शंभरातले 46 जण सहा महिन्यांत गेले. आणि जे रुग्ण घेतले ते निवडून घेतले होते. हृदय थांबून बेशुद्ध राहिलेले त्यात नव्हते, उजवा कप्पा निकामी झालेले नव्हते. असे साडेतीनशेच्या आसपास रुग्ण गोळा करायला तीन देशांतल्या मोठमोठ्या केंद्रांना दहा वर्षं लागली, यावरून गाळणी किती बारीक होती हे कळेल. पंपाची किंमतही शरीर मोजतं: मोठा रक्तस्राव 21.8 टक्क्यांना झाला, पंप नसलेल्यांत 4.7 टक्क्यांना. पायाचा रक्तपुरवठा तुटणं आणि डायलिसिस लागणं, दोन्ही पंपाच्या गटात जास्त. हे सगळं रोज हे काम करणाऱ्या टीमच्या हातून.

बाबा त्या गाळणीतून उतरले असते का? पहिल्या दोनतीन तासांत कदाचित. पोचले तेव्हा ते शुद्धीत होते, झटका डाव्या कप्प्याचा होता. तेव्हा, तिथेच, पंप आणि तो हाताळणारी माणसं असती तर त्यांची शक्यता थोडी वाढली असती. हे मी नाकारणार नाही. पण त्या गावात तो पंप नव्हता. आपल्याकडे तो मोजक्या शहरांत आहे आणि खर्च कित्येक लाखांचा आहे. मुंबईला न्यायचं म्हणजे 70 प्रेशर असलेला, व्हेंटिलेटरवरचा माणूस पाच तास रुग्णवाहिकेत. शॉकमधल्या रुग्णाला मी अशा प्रवासाला पाठवलेलं आहे आणि वाटेत काय होतं ते पाहिलेलं आहे. त्या दुपारी मी तिथे ड्यूटीवर असते तर मीही त्यांना हलवलं नसतं.

एक्मोबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण कुणीतरी ते नाव घेईलच. शरीराबाहेर रक्तात प्राणवायू मिसळून परत सोडणारं ते यंत्र. 2023 साली 417 रुग्णांवर त्याची परीक्षा झाली. महिन्याभरात यंत्र लावलेल्यांतले 47.8 आणि न लावलेल्यांतले 49 टक्के गेले, म्हणजे फरक नाही, आणि रक्तस्राव दुपटीहून जास्त. ताकद प्रचंड आहे, पण ते रक्त महाधमनीत उलट्या दिशेने ढकलतं आणि थकलेल्या डाव्या कप्प्याला त्याच दाबाविरुद्ध रक्त बाहेर ढकलावं लागतं.

डॉक्टरांनी पहिल्या दिवशी ‘फिफ्टी-फिफ्टी’ म्हटलं आणि तुम्ही त्या आकड्याला धरून बसलात, असं लिहिलं आहे. मी स्वतः हा शब्द आता वापरत नाही. शॉकमधले साधारण निम्मे जातात हे खरं, पण ते सगळ्यांचं मिळून. बलूनच्या त्या जर्मन अभ्यासातूनच पुढे एक गुणांकन तयार झालं. वय 73 च्या वर, पूर्वी पक्षाघात, भरतीच्या वेळी साखर 191 च्या वर, क्रिएटिनिन (मूत्रपिंड किती मंदावलं ते सांगणारा आकडा) 1.5 च्या वर, लॅक्टेट (शरीराला रक्त कमी पडतंय हे सांगणारा आकडा) 5 च्या वर, आणि अँजिओप्लास्टीनंतरही वाहिनीतून रक्त पूर्ण न वाहणं. यांतलं कुणाकुणाचं वजन दुप्पट. कमी गुणांच्या गटात सुमारे पाव रुग्ण जातात, मधल्या गटात निम्मे, वरच्या गटात तीन चतुर्थांश. बाबांची साखर 310, क्रिएटिनिन 2.1, लॅक्टेट 7.4, आणि रक्त नीट उतरलेलं नव्हतं. नऊपैकी सहा गुण. ते पहिल्याच संध्याकाळी सर्वांत वरच्या गटात होते. डॉक्टरांनी हे तुम्हाला सांगायला हवं होतं असं मला वाटतं. त्यांनी दुष्टाव्याने लपवलं नाही, आम्हा सगळ्यांनाच त्या क्षणी आशेचा एक आकडा हातात द्यावासा वाटतो. पण त्या आकड्यामुळेच आज तुम्हाला वाटतं आहे की नाणं आपल्या बाजूने पडलं असतं, आपणच ते पडू दिलं नाही.

चुलतभावाने पाठवलेल्या इम्पेलाच्या तक्त्यात वयाप्रमाणे, लिंगाप्रमाणे आकडे फोडलेले आहेत आणि बाबा ‘फायदा होणाऱ्या’ ओळीत बसतात, असं तो म्हणतो. अशा ओळींवर फार भार टाकू नका. 1988 साली हार्ट अटॅकमध्ये ॲस्पिरिनने जीव वाचतो हे सिद्ध करणारा आयसिस-2 हा अभ्यास आला, 17,187 रुग्णांचा. संपादकांनी आग्रह धरला की रुग्णांचे गट पाडून वेगवेगळे निकाल द्या. संशोधकांनी दिले, आणि त्यात राशींप्रमाणेही गट पाडून दाखवले. मिथुन आणि तूळ राशीच्या लोकांना ॲस्पिरिनने थोडा तोटाच होतो, बाकी राशींना भरपूर फायदा, असा आकडा निघाला! हजारो रुग्ण असूनही पुरेशा फोडी केल्या की योगायोगाला असा चेहरा येतो. साडेतीनशे रुग्णांच्या फोडीत तुमच्या बाबांना शोधू नका.

डायलिसिस. तिसऱ्या दिवशी लॅक्टेट 11 वर गेलं होतं, तीन औषधांवरही प्रेशर टिकत नव्हतं. डायलिसिसने रक्तातली घाण आणि जादा पाणी निघतं, पण मूत्रपिंड बंद पडलं होतं ते हृदयामुळे, आणि हृदयाला डायलिसिसने काही मिळत नाही. त्या प्रेशरवर रक्त यंत्रातून फिरवतानाच हृदय थांबण्याची भीती असते. जिथे हृदय सावरायला लागलेलं असतं तिथे मी डायलिसिससाठी नातेवाईकांच्या मागे लागते, हट्ट धरते. इथे धरला नसता. तुम्ही आणि आईने जो निर्णय घेतला तो मी माझ्या वडिलांसाठीही घेतला असता.

आणि ती गोळी. इथे मला जपून बोलायचं आहे, कारण वेळेला महत्त्व नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. 1986 साली इटलीत जवळपास बारा हजार रुग्णांवर गुठळी विरघळवणारं स्ट्रेप्टोकायनेज तपासलं गेलं. एकूण मृत्यू 13 टक्क्यांवरून 10.7 वर आले, पण पहिल्या तासात ज्यांना ते मिळालं त्यांच्यात मृत्यू जवळजवळ निम्म्याने घटले. तास उलटत गेले तसा फायदा विरत गेला. पाच ते साडेनऊ या वेळात बाबांच्या हृदयाचा स्नायू मरत होता, हे खरं आहे. पण 2008 साली लॅन्सेटमध्ये आलेल्या क्रिएट या भारतीय नोंदवहीत 50 शहरांतले जवळपास 21 हजार रुग्ण आहेत, आणि त्यांतले निम्मे दुखायला लागल्यापासून सहा तासांनंतर हॉस्पिटलात पोचले. शहरांत. मधुमेह असलेल्याचं दुखणं तर जळजळीच्या रूपानेच येतं बऱ्याचदा, आणि जळजळीला ॲसिडिटी म्हणणं आपण सगळे लहानपणापासून शिकलेले आहोत. पहाटे पाचला तुम्ही वडिलांचा त्रास कमी करायला उठलात. तुमच्याकडे ईसीजी नव्हता. मी ईसीजी हातात असूनही चुकलेली आहे.

आता जे हातात आहे ते. आईलाही मधुमेह आहे असं लिहिलंत. मधुमेहींना, विशेषतः बायकांना, छातीत न दुखताच झटका येऊ शकतो: अचानक दम लागणं, घाम, जबडा किंवा पाठ दुखणं, कारण नसताना गळून जाणं. अशा वेळी वीस मिनिटं थांबून बघायचं नाही. 108 ला फोन करायचा आणि जिथे सर्वांत आधी ईसीजी निघेल तिथे पोचायचं, मग तो तालुक्याचा सरकारी दवाखाना असला तरी चालेल. कॅथलॅब, म्हणजे अँजिओप्लास्टीची सोय, दोन तासांपेक्षा लांब असेल तर तिथेच गुठळी विरघळवणारं टेनेक्टेप्लेज देऊन मग पुढे पाठवणं हा कमी प्रतीचा उपाय नाही. 2013 सालच्या अभ्यासात, तासाभरात अँजिओप्लास्टी न मिळू शकणाऱ्या रुग्णांमध्ये, हा मार्ग थेट अँजिओप्लास्टीच्या तोडीस तोड ठरला. ‘इंजेक्शन नको, थेट मोठ्या हॉस्पिटलात नेतो’ असं नातेवाईक म्हणतात आणि गाडीत दीड-दोन तास जातात. ते तुम्ही म्हणू नका.

तुमचा सख्खा भाऊ 38 वर्षांचा आणि तंबाखू खातो. वडिलांना 55 च्या आत झटका आला असता तर मी त्याच्यावर अनुवंशाची वेगळी खूण केली असती. 64 व्या वर्षी आला, त्यामुळे ती खूण तितकी ठळक नाही. त्याची तंबाखू, साखर, प्रेशर आणि कोलेस्टेरॉल यांचं वजन जास्त आहे. 52 देशांतल्या इंटरहार्ट अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका सरासरी 53 व्या वर्षी आला, इतरांना जवळपास 59 व्या. म्हणजे त्याच्याकडे ‘अजून बराच वेळ आहे’ असं नाही. या महिन्यात चारही गोष्टी तपासून घ्या. आणि दोघांचाही, आईचा आणि भावाचा, आत्ता काही त्रास नसताना एक ईसीजी काढून त्याचा स्पष्ट फोटो घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये ठेवा. रात्री तीनला माझ्यासारख्या कुणासमोर नवा ईसीजी येतो तेव्हा शेजारी जुना धरता आला, तर झालेला बदल आजचा की जुना हे तिथल्या तिथे ठरवायला मोठी मदत होते.